सरकणारा आणि थांबणारी

माझ्या थोरल्या भावाला जुळ्या मुली झाल्या, त्या सालची ही गोष्ट. घर दोन खोल्यांचं. एका खोलीत दादा, वहिनी आणि दोन पाळणे. दुसऱ्या खोलीत मी, भांडी आणि वाळत घातलेली दुपटी. एक मुलगी झोपली की दुसरी उठायची. दुसरीला थोपटून गप्प करावं, तर पहिलीला वाटायचं आपल्याला वगळलं. दादा म्हणायचा, या दोघींनी कारखान्यासारख्या पाळ्या लावून घेतल्यात. हसायला कुणाच्या अंगात बळ नव्हतं, तरी आम्ही हसायचो.

वहिनीची तब्येत बाळंतपणानंतर सावरली नव्हती. म्हणून कामावरून आले की दोन पाळण्यांच्या मध्ये मी बसायची. एक दोरी या हातात, एक त्या हातात. एकीला संथ झोका लागायचा, दुसरीला भरभर. दोघींना एकसारखं हलवलं की दोघीही रडायच्या.

आणि दिवसा लाँड्री. शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या तळघरात आमची लाँड्री होती. वाफ, साबणाचा उग्र वास, भिंतीला सुटलेला घाम. चादरी यंत्रातून कोमट बाहेर यायच्या आणि आम्ही बायका त्यांच्या घड्या घालायचो. मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. दोघींनी चार कोपरे धरायचे, ताणायचं, झटकायचं, मग एकमेकींकडे चालत यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा आणि पुन्हा मागे जायचं. पुढे, मागे... पुढे, मागे. माझी जोडीदारीण आक्का. तिची उमर लाँड्रीतच गेलेली. ती म्हणायची, "एवढं चालून एखादीचं माहेर आलं असतं गं. आपण आहोत तिथंच."

लाँड्री बाहेरचीही थोडी कामं घ्यायची. रस्त्याच्या टोकाला गाण्याबजावण्याचं एक सभागृह होतं, त्याचे पडदे आमच्याकडे यायचे. एका दुपारी ते धुतलेले पडदे पोचवायला मला पाठवलं. दाराशी कुणी नव्हतं. दारावर लाल अक्षरांची मोठी पाटी होती. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. मी दार ढकललं आणि आत गेले.

आत अंधुक, गार. मंचावर एकजण पाठमोरा उभा होता. समोर मेजावर ओळीने लाकडी पट्ट्या मांडलेल्या, दोन्ही हातांत काठ्या. टकटक, टक, टकटक... चार-पाच सुरांचं एवढंसं काहीतरी होतं, आणि ते संपलं की पुन्हा तेच सुरू होत होतं. याचं संपेपर्यंत बसावं म्हणून मी शेवटच्या रांगेत टेकले. खुर्ची मऊ होती. गठ्ठा मांडीवर होता...

डोळा लागला न लागला तोच जाग आली, असं मला वाटलं. कारण तो अजून तेच वाजवत होता. मग वरच्या झरोक्याकडे पाहिलं. येताना तिथून पांढरं ऊन येत होतं, ते पिवळं होऊन भिंतीवर चढलं होतं. मी घाईने उठले, गठ्ठा खाली पडला, आणि तो दचकून वळला.

"बाहेरची पाटी नाही पाहिलीत?"

"पाहिली की."

"मग? काय लिहिलंय तिच्यावर?"

"चांगलं लिहिलंय," मी म्हणाले. "अक्षर मोठं आहे."

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. हसला नाही; हसला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. हातातल्या काठ्या त्याने खाली ठेवल्या. "आत येऊ नये असं लिहिलंय. पण आता आलाच आहात, तर सांगा... कसं वाटलं?"

"झोप छान लागली."

आता मात्र तो हसला. म्हणाला, आजवर लोक उठून गेलेत, एकदोघांनी पैसे परत मागितलेत, पण बसल्या जागी राहिलेल्या तुम्ही पहिल्याच. मग त्याने पडदे मोजून घेतले नाहीत, सही केली नाही, दारापर्यंत सोडायला मात्र आला.

पुढच्या आठवड्यात तो स्वतःच लाँड्रीत हजर. खांद्यावर मंचावरची सतरंजी. सतरंजी मळलेली नव्हती, हे आक्काने लांबूनच ओळखलं. त्याच्या बोटांना सवयच होती, उभं राहिलं की जे समोर असेल त्यावर ठेका धरायची. टेबलावर, यंत्राच्या झाकणावर, स्वतःच्या मांडीवर. बायकांनी त्याचं नाव टकटक्या ठेवलं, आणि मग ते नाव त्याला चिकटलंच.

"अगं, तुझा टकटक्या आला," आक्का मुद्दाम मोठ्याने म्हणायची, आणि तिला नेमकी तेव्हाच चहाची तल्लफ यायची. मी अर्धी चादर हातात धरून उभी. दुसरं टोक जमिनीला लागू नये म्हणून तो पुढे व्हायचा.

घडी त्याला अजिबात येत नव्हती. चादर माझ्या बाजूने ताणली की तो तिच्याबरोबर ओढला यायचा. मी सांगितलं, कोपरे धरा, माझ्याकडे या. तो आला. कोपऱ्याला कोपरा लागला, बोटाला बोट लागलं. चादर अजून कोमट होती. तो तसाच उभा.

"सोडा आता," मी म्हणाले.

"काय?"

"कड."

"हां... कड." त्याने सोडली, पण घाई केली नाही.

मी थकलेली असायची. प्रेमात पडलेल्या मुली म्हणे गालात हसतात, आरशात बघतात. मी भिंतीला टेकले की पेंगायची. तो बोलायचा आणि मी अर्धवट ऐकायची. पण त्याचं एक चांगलं होतं, त्याला घाई नव्हती. एकच गोष्ट तो चार वेळा सांगायचा, आणि दर वेळी थोडी वेगळी.

एकदा मी सरळ विचारलं की हे तुम्ही वाजवता त्यात ऐकायचं काय. गाणं म्हणजे कुठेतरी चढतं, कुठेतरी उतरतं, माणसाला रडवतं. हे तर नळ गळतो तसं आहे. त्याला राग आला नाही. त्याने सांगितलं, की हे दोघांनी वाजवायचं असतं. दोघं एकच एवढासा तुकडा वाजवतात, एकत्र सुरू करतात. मग त्यातला एक जागचा हलत नाही. दुसरा किंचित, अगदी केसभर, भरभर वाजवायला लागतो आणि हळूहळू पुढे सरकतो. एक सूर पुढे गेला की तिथे थोडा थांबतो, पुन्हा सरकतो. असं करत करत पूर्ण फेरी मारून तो पहिल्याला पुन्हा येऊन मिळतो. आणि मधल्या वेळात असे सूर ऐकू येतात, जे दोघांतलं कुणीच वाजवत नसतं.

"कुणीच वाजवत नाही, तर येतात कुठून?"

"तेच तर."

"म्हणजे भुताटकी झाली."

"ऐकू नका," तो म्हणाला. "बघा. डोळे मिटून बघायचं."

मी घरी पाळण्यांच्या मध्ये बसून डोळे मिटून पाहिलं. आधी अंधार दिसला, मग झोप लागली, मग दोघी रडल्या. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं की मला काही दिसलं नाही. तो म्हणाला, हरकत नाही. पण जरा हिरमुसला. मलाही वाईट वाटलं. त्याला जे दिसतं ते आपल्याला दिसू नये, याचं मला इतकं का वाटावं, ते माझं मलाच कळेना.

मग तो पडद्यांचा दिवस आला. इस्पितळाच्या खिडक्यांना पांढऱ्या बारीक जाळीचे पडदे होते. ते धुऊन आम्ही गच्चीवर वाळत घालायचो. ओल्या पडद्यांची पाटी जड होती आणि आक्काचा गुडघा धरलेला, म्हणून टकटक्याने ती वर आणली. जागा कमी पडली, तेव्हा मी एका पडद्यावरच दुसरा पडदा टाकला. दोन्हींची जाळी अगदी एकसारखी. वारा बेताचा. वरचा पडदा किंचित हलला...

आणि जाळीवरून एक लाट गेली. रुंद, सावळी, संथ. मग दुसरी. पडदा हाताच्या बोटाएवढाही सरकला नव्हता, पण लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. वारा थांबला, तशी तीही मध्येच थांबली. तिथे गोल गोल चकत्या उमटल्या, कुणी पाण्यात खडे टाकावेत तशा. पुन्हा वारा आला आणि त्या फुटून सगळ्या एका दिशेला वाहू लागल्या.

मी पाहत होते. तोही. पाटीतले पडदे ओले तसेच राहिले.

मी हळूच वरचा पडदा उचलला. खाली नुसती जाळी, रोजची. हातातल्या पडद्यालाही नुसती जाळी. पुन्हा एकावर एक टाकले. लाट आली.

"अहो..." मी म्हणाले, "ही कुठल्या पडद्यावर आहे?"

"इतकी वर्षं मी हे लोकांना सांगतोय," तो म्हणाला, "आणि मी स्वतःसुद्धा आज पहिल्यांदा बघतोय."

ओल्या पडद्याची कड माझ्या हातात होती, तीच कड त्याच्या हातात. आक्का जिन्यातून ओरडली की पडदे वाळत घालताय की विणताय.

त्या संध्याकाळी मी सभागृहात गेले आणि शेवटच्या रांगेत नाही, पुढे बसले. त्याने टेपवर स्वतःचंच वाजवलेलं लावलं आणि त्यावर स्वतः वाजवलं. मी डोळे मिटले. आधी दोन जाळ्या दिसल्या, एकीवर एक, एकच असल्यासारख्या. मग एक सरकली. काठाला थोडं चमकलं. मग सुरांच्या मधून दुसरेच सूर वर आले. आधी खालचा एक जाड सूर, मग वर कुठेतरी बारीक घंटेसारखं. त्यांची स्वतःचीच एक चाल तयार झाली, ती थोडा वेळ चालली आणि नव्याने आलेल्या चालीत विरघळली. काहीच घडत नव्हतं आणि सगळं बदलत होतं. मला झोप आली नाही. उलट दिवसभराचा शिणवटा अंगातून निघून समोर कुठेतरी जाऊन बसला, असं वाटलं. मी रडले थोडी. कुणी मेलं नव्हतं, कुणी सोडून गेलं नव्हतं. उगीचच.

मग त्याने मला खरी गोष्ट सांगितली. दूरच्या एका वादकमंडळाच्या प्रमुख बाई त्याचं वाजवणं ऐकायला येणार होत्या. त्यांना आवडलं तर त्या त्याला मंडळात घेऊन जाणार होत्या, गावोगावी, देशोदेशी. पण बाईंची अट होती की टेप चालणार नाही, दोन जिवंत माणसं हवीत. त्याचा आधीचा जोडीदार कंटाळून एका हॉटेलात वाजवायला गेला होता. तिथे निदान गाणं संपतं, असं म्हणाला होता. तरुणपण या पाच पट्ट्यांत गेलं होतं. घरच्यांनी नाद सोडला होता. हेही जमलं नाही तर तो स्वतःही वाजवणं सोडणार होता. एका ओळखीच्या माणसाच्या दुकानात त्याने जागाही विचारून ठेवली होती.

"दुसरं माणूस तुम्ही व्हा," तो म्हणाला.

मी हसले. म्हणाले, मला शिट्टीसुद्धा वाजवता येत नाही.

"वाजवणं मी शिकवेन. पाचच पट्ट्या आहेत. अवघड आहे ते थांबणं. मी पुढे सरकायला लागलो की समोरचा प्रत्येक माणूस माझ्यामागे येतो. नकळत येतो, कान ओढून नेतात. मला असं माणूस हवंय, जे येणार नाही."

मी त्याला पाळण्यांच्या दोऱ्यांचं सांगितलं. एका हाताला दुसऱ्या हाताचं ऐकू द्यायचं नाही, एवढंच मला येतं. तो म्हणाला, एवढंच लागतं.

कामावरून सुटले की मी तिकडे जायची. पोरींना संध्याकाळी थोडा वेळ दादा घ्यायचा. वहिनीने त्याला तसं बजावलंच होतं. मनगटं भरून यायची. दिवसभर चादरी, मग काठ्या. मी लाँड्रीतून निघताना इस्त्रीखालून नुकतीच निघालेली गरम फडकी शालीच्या आत गुंडाळून न्यायची. पोचेपर्यंत ती उबदार असायची. एक माझ्या मनगटांना, एक त्याच्या. तो डोळे मिटून घ्यायचा आणि म्हणायचा, या मंडळाला वादक नको, लाँड्री हवी.

एकदा गंमत म्हणून आम्ही जागा बदलल्या. मी सरकणारी, तो थांबणारा. मी दोन सूर पुढे गेले आणि अशी घसरले, की काठी हातातून सुटून पहिल्या रांगेत जाऊन पडली. तो मेजावर डोकं टेकून हसला. पण नंतर मला समजावून सांगितलं. घाई करायची नाही, म्हणाला. पुढचा सूर आपल्याला ओढतोय असं वाटेपर्यंत कड धरून ठेवायची, आणि मग सोडायची. "घडीसारखं," तो म्हणाला. मग पुन्हा आपापल्या जागी गेलो.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आक्काला कळलं होतं, दादाला कळलं होतं. फक्त आम्ही दोघं एकमेकांना काही बोललो नव्हतो. वहिनीने एकदा पोरीला पाजता पाजता मला विचारलं की त्या बाईंना आवडलं तर काय. मी म्हणाले, तर तो जाईल. नाही आवडलं तर? तर दुकानात बसेल, इथेच.

वहिनी म्हणाली, "म्हणजे ज्याला जायचंय, त्याचीच पेटी तू भरून देते आहेस."

"हो."

"आणि तुला काय हवंय?"

मी हातातल्या दुपट्याची घडी घालू लागले. मला दोन्ही हवं होतं. त्याने जिंकावं आणि त्याने राहावं. एका चादरीचे चार कोपरे एकटीने धरायला जावं, तसं ते होतं.

बाई आल्या. उंच, केस कापलेल्या, चेहऱ्यावर प्रवासाचा थकवा. बरोबर मंडळातले दोघंतिघं, सभागृहाचे व्यवस्थापक, थोडे ऐकणारे. शेवटच्या रांगेत आक्का आणि लाँड्रीतल्या दोघी. आम्ही समोरासमोर उभे राहिलो. मध्ये दोन मेजं. त्याने मान हलवली आणि आम्ही सुरू केलं.

एकत्र. अगदी एकत्र. एकच माणूस वाजवतोय असं. हे ठरल्याप्रमाणे थोडा वेळ चालायचं आणि मग त्याने सरकायचं.

तो सरकला नाही.

मला वाटलं, बाईंच्या कानाला सवय होऊ देतोय. आणखी थोडं गेलं. तरी तो तिथेच. मी वर पाहिलं. तो पट्ट्यांकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता. हात बिनचूक चालले होते, आणि चेहरा असा, की दारात उभ्या असलेल्या माणसाला कुणीतरी आतून हाक मारावी आणि त्याने वळावं. मला कळलं. त्याला सरकता येत नव्हतं असं नाही. त्याला जायचं नव्हतं.

खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. माझ्यासाठी आजवर कुणी काही सोडलं नव्हतं.

कुणीतरी खोकलं. खुर्ची करकरली. व्यवस्थापक बाईंकडे बघून कसनुसं हसले. बाईंनी पर्स मांडीवर ओढून घेतली.

ते मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, आणि माझा आनंद हळूहळू उतरला. हा माणूस दुकानात बसेल. संध्याकाळी माझ्याकडे येईल. बोटं गल्ल्यावर टकटक वाजवतील आणि मग एक दिवस तीही थांबतील. माझ्याजवळ राहील खरा, पण उरलासुरला राहील. आणि ती जाळीवरची लाट, ती कुणालाच दिसणार नाही. दोघं असेच एकमेकांना चिकटून उभे राहिलो तर लाट येणार कुठून?

कुणीतरी सरकायला हवं होतं. तो सरकत नव्हता.

मी सरकले.

केसभर. आणखी केसभर. त्याचे डोळे मोठे झाले. मला वाटलं तो माझ्यामागे येतो की काय. सगळेच येतात, तो स्वतःच सांगायचा. त्याचा उजवा हात ओढला गेलेला मला दिसला. मी मान हलवली — नको. तो थांबला. त्याने जबडा घट्ट केला आणि तो जागच्या जागी थांबला. थांबणं किती अवघड असतं, ते मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं. मी कड धरून ठेवली, ओढ लागली, सोडली. एक सूर पुढे.

आणि पहिली लाट आली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. एका ठिकाणी मी चुकले, एक पायरी सोडून दोन पुढे पडले. त्याने ते तसंच सावरून घेतलं. वर घंटा वाजू लागल्या, ज्या कुणी वाजवत नव्हतं. सभागृहात खोकला थांबला होता. मी त्याच्यापासून लांब लांब जात होते. मधोमध अशी जागा आली, की त्याचं मला काही ऐकूच येईना, दोघांचं मिळून तिसरंच काही चाललेलं. तिथे मला भीती वाटली. मग कुठूनतरी ओळखीचा सूर आला, मग दुसरा. जवळ, आणखी जवळ... आणि आम्ही पुन्हा एक झालो. जिथून निघालो तिथेच, पण तसेच नाही.

बाईंना यातलं काही कळलं नाही. त्यांना वाटलं, असंच बसवलेलं आहे. सुरुवातीला इतका वेळ एकत्र धरून ठेवणं फार धाडसाचं होतं, असं त्या म्हणाल्या. व्यवस्थापक म्हणाले, आमच्या मुलाचं मुळी वैशिष्ट्यच ते. टकटक्याला त्यांनी निवडलं. मलाही विचारलं. मी म्हणाले, माझी सकाळची पाळी आहे.

सगळे गेल्यावर आम्ही मागच्या पायऱ्यांवर बसलो. दोघांचेही खांदे पडले होते. 

"सरकायचं मी होतं," शेवटी तो म्हणाला.

"मग सरकला का नाहीत?"

"सरकलो असतो तर... खरंच गेलो असतो."

"आता जाणारच आहात."

"तू घालवलंस." तो पहिल्यांदा मला तू म्हणाला. "मी तिथं उभा राहून तुला सांगत होतो की मला जायचं नाही. एवढ्या लोकांसमोर सांगत होतो. तुला कळलं नाही?"

"कळलं," मी म्हणाले. "मलाही तुम्ही हवे आहात. सगळे हवे आहात. अर्धे नकोत."

त्याने माझं मनगट हातात घेतलं. ते सुजलं होतं. त्याने त्यावर ओठ टेकवले नाहीत की काही नाही, नुसतं धरून ठेवलं.

"मी परत येईपर्यंत थांबशील?"

"थांबणं मला येतं," मी म्हणाले. "तुम्हालाच ते आज शिकावं लागलं."

महिनाअखेरीस तो गेला. मला पत्र वाचता येणार नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून तो लाँड्रीच्या कचेरीत फोन करायचा. यंत्रांच्या आवाजात बोललेलं काही कळायचं नाही. मग त्याने बोलणं सोडून दिलं. तिकडून तो फोनवर बोटाने ठेका द्यायचा, आणि मी इकडून नखाने द्यायची. कारकून कपाळाला हात लावायचा. आक्का म्हणायची, जगात लोक फोनवर काय काय बोलतात, आणि ही दोघं दार ठोठावतात.

पोरी चालायला लागल्या, बोलायला लागल्या, तरी तो आला नाही. दादाने दोनदा स्थळाचा विषय काढला. वहिनीने दोन्ही वेळा त्याला गप्प केलं. मी घड्या घालत राहिले. सकाळी उठताना कधी कधी वाटायचं, आपण कुणाची वाट पाहतोय की नुसती सवय झालीय. दोन्हीत फार फरक नसतो.

पोरी शाळेत जायला लागल्या त्या वर्षी तो परतला. मंडळ मोडलं होतं, खांदा दुखावला होता, कानांजवळ केस पांढरे झाले होते. दादासमोर खुर्चीत बसून त्याने सांगितलं, की फार नाव झालं नाही, फार पैसाही नाही, पण पुष्कळ ठिकाणी पुष्कळ लोकांनी ते शेवटपर्यंत बसून ऐकलं. मग त्याने विचारलं, की तुमची बहीण अजून... आणि पुढचं वाक्य त्याला येईना. दादा म्हणाला, तिलाच विचार, ती दारामागे उभी आहे.

आमचं लग्न झालं. ह्यांनी एका शाळेत मुलांना ठेका शिकवायचं काम धरलं. मी लाँड्रीत राहिले, पुढे तिथली मुकादम झाले. अक्षरं मी आमच्या मुलाबरोबर शिकले, त्याच्याच पाटीवर. संसार जसा असतो तसा झाला. तेच उठणं, तेच निजणं, त्याच भाज्या, तीच भांडणं. कंटाळा आला नाही असं नाही. पण रोज काहीतरी केसभर सरकत होतं, आणि ते बघायची आम्हा दोघांना खोड लागली होती.

आक्का निवृत्त झाली त्याच वर्षी हिवाळ्यात गेली. वहिनी तिच्यानंतर काही वर्षांनी, झोपेत. दादा तीन वर्षांपूर्वी गेला. हे मागच्या वर्षी, उन्हाळा सरताना, एका बुधवारी दुपारी घरीच वारले.